रुजू होणं आणि रुजणं

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी पावणेआठला फिरलं, की जवळपास प्रत्येक गल्लीत एखाद्या फाटकावर पाटी दिसते : ‘पाहिजेत – सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, हेल्पर. त्वरित भेटा.’ बहुतेक पाट्या कागदाच्या, चिकटपट्टीने लावलेल्या. पण काही वर्षांपूर्वी एका फाटकावर मला पत्र्याची पाटी दिसली. पेंटरकडून ऑइलपेंटने रंगवून घेतलेली, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. ‘पाहिजेत’ हा शब्द लाल रंगात. कारखान्याचे मालक माझ्या ओळखीचे. पाटीबद्दल विचारलं तर म्हणाले, “दर महिन्याला नवा कागद चिकटवायचा कंटाळा आला, साहेब. पोरं येतात, पोरं जातात. मशीन हप्त्याने घेता येतं हो, माणूस कुठून आणू?”

या पुस्तकाचं मूळ त्या पाटीत आहे. कागदाची पाटी एखाद्या वेळची अडचण सांगते. रंगवून घेतलेल्या पाटीत ती अडचण कायमची मान्य केलेली असते. माणसं जाणारच, आपण फक्त भरत राहायचं, असं एका कष्टाळू, सरळ माणसाने मनाशी ठरवून टाकलं होतं. मला ते फार लागलं, कारण पंचवीसहून अधिक वर्षं कारखान्यांच्या कर्मचारी विभागात काम करून माझी समजूत याच्या अगदी उलट झाली होती.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडून नुकत्याच गेलेल्या एका मुलाशी बोलायचा योग आला. मूळचा लातूर जिल्ह्यातला, आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड केलेला, तेवीस वर्षांचा. दोन गल्ल्या पलीकडे कामाला लागला होता. मालकांचं म्हणणं होतं, आठशे रुपयांसाठी गेला. टपरीवर चहा घेताना मी त्याला तेच विचारलं, तर तोही आधी ‘हो’च म्हणाला. दुसरा चहा सांगितला, तेव्हा बोलायला लागला. मुलाखतीत सांगितलं होतं, सहा महिन्यांत सेटिंग शिकवू. चौदा महिने झाले तरी तो मशीनवर जॉब लावत होता आणि काढत होता. एकदा स्वतःहून ऑफसेट दुरुस्त करायला गेला, तर सुपरवायझर सगळ्या शॉपसमोर ओरडले. पाळी दर आठवड्याला बदलेल असं ठरलं होतं. सलग सात आठवडे रात्रपाळी लागली. ओव्हरटाइमचे पैसे पुढच्या महिन्यात म्हणाले, मग त्याच्या पुढच्या. शेवटी तो म्हणाला, “आठशे रुपयांचं निमित्त झालं, सर. घरी काहीतरी सांगावं लागतं ना.”

नोकरी सोडलेल्या माणसांशी मी त्यानंतर ठरवून बोलत गेलो. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर, कोल्हापूरची शिरोली. यंत्रशाळा, ओतशाळा, छोटी रुग्णालयं, दुकानं, हिशेबनिसांची कार्यालयं. राजीनाम्यात सगळीकडे ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलेलं आणि तोंडी ‘पगार’ हे उत्तर. त्याच्या खाली जवळजवळ प्रत्येक वेळी एखादा मोडलेला शब्द निघायचा. कुणाला सुट्टीचा दिला होता, कुणाला शिकवण्याचा, कुणाला कायम करण्याचा, कुणाला फक्त माणसासारखं वागवण्याचा. तो शब्द देणाऱ्याच्या लक्षातही नव्हता. घेणाऱ्याला तारखेसकट पाठ होता.

मराठीत नोकरी सुरू होण्याला आपण ‘रुजू होणं’ म्हणतो. हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने, दफ्तरी कागदांतून आपल्याकडे आला. ‘रुजणं’ मात्र मातीतलं, शेतकऱ्याच्या तोंडचं. दोघांचं कूळ वेगळं, पण मराठी कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. हजेरीपत्रकात नाव लागलं की माणूस रुजू होतो. ते एका सहीचं काम आहे. रुजायला महिने लागतात, ओल लागते, आणि वरून काहीच दिसत नसताना खाली पुष्कळ काही घडावं लागतं. या दोन शब्दांमधलं अंतर हा या पुस्तकाचा विषय आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं : भरती आणि माणसं टिकवणं या दोन गोष्टी आपण दोन खात्यांत टाकल्या, तिथे पहिली चूक झाली. नेमणूक करताना आपण शब्द देतो आणि माणूस टिकवताना तो पाळतो. काम एकच आहे. खोटं सांगून भरलेली जागा पुढे कितीही सोयी दिल्या तरी रिकामी होते. खरं सांगून भरलेली जागा बऱ्याच गैरसोयी सोसूनही भरलेली राहते.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात याचं एक मोठं उदाहरण आहे आणि त्याची सुरुवात न टिकलेल्या एका माणसापासून होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळलं आणि चित्रकाराची वाट बंद झाली. ते यांत्रिक रेखनाकडे वळले. तिथे रंग लागत नाहीत. नजर आणि हात लागतो. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी.

या हकिकतीत मला दोन धडे दिसतात. रंगांच्या वर्गात जो माणूस नालायक ठरला असता, तोच रेखनाच्या वर्गात शिक्षक झाला. माणूस तोच, जागा बदलली. ‘योग्य कर्मचारी’ हे शब्द आपण माणसाच्या अंगावरचं लेबल असल्यासारखे वापरतो. खरं तर योग्यता माणूस आणि काम यांच्या जोडीत असते. दुसरा धडा बढतीचा. डावललेला माणूस त्या दिवशी मनाने बाहेर पडतो, पाय मागाहून निघतात. प्रत्येक डावललेला माणूस लक्ष्मणराव होत नाही, पण प्रत्येकजण आपल्याबरोबर काहीतरी घेऊन जातो आणि काय गेलं ते मागे राहिलेल्यांना कळतही नाही.

स्वतः मालक झाल्यावर लक्ष्मणरावांनी माणसं कशी निवडली, हेही पाहण्यासारखं आहे. शाळा पुरी न केलेल्या अनंतराव फळणीकरांमधला कल्पक इंजिनिअर त्यांनी हेरला. भाऊ रामूअण्णांच्या हाती वसाहतीची व्यवस्था सोपवली. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वाडीच्या राखणीचं काम टाकलं, आणि त्यांनी ते विश्वासाने केलं. त्या माळावर पहिल्यांदा आलेल्या कुटुंबांना देण्यासारखं लक्ष्मणरावांजवळ फार काही नव्हतं. एक शब्द होता, आणि देणारा माणूस तो पाळतो हा त्यांचा अनुभव होता.

पुस्तकाचा पहिला भाग निवडीबद्दल आहे, आणि त्यातही निवडीच्या आधीच्या कामाबद्दल. आपल्याकडे जागा रिकामी झाली की पहिला फोन ओळखीच्या माणसाला जातो : “कुणी आहे का बघा.” ओळखीने आलेला माणूस पुष्कळदा चांगला निघतो, कारण आणणाऱ्याची अब्रू त्यात गुंतलेली असते. पण केवळ ओळखीवर चालणारी भरती हळूहळू एका गावाची, एका जातीची, एका नात्याची होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत ही पद्धत पराकोटीला गेली होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला काम मिळायचं ते जॉबरच्या मर्जीने. भरती त्याच्या हाती, काम शिकवणं त्याच्या हाती, काढून टाकणंही त्याच्याच हाती. त्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. माणसं जितक्या वेळा बदलतील तितक्या वेळा दस्तुरी मिळणार असेल, तर जॉबरला माणसं टिकण्यात काय रस? कामगारांच्या प्रश्नांसाठी १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. जॉबर गेला, पण प्रश्न राहिला. आज ठेकेदारामार्फत माणसं घेताना प्रत्येक उद्योजकाने स्वतःला तोच विचारावा : जो माणसं आणतो, त्याचा फायदा ती टिकण्यात आहे की बदलण्यात?

उमेदवार कुठून शोधायचे याचं दुसरं टोक कोल्हापुरात सापडतं. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी आदेश काढला, की संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात. त्या काळी दरबारातल्या बहुतेक जागा एका मूठभर वर्गाकडे होत्या आणि ‘लायक माणसं मिळत नाहीत’ हे तेव्हाही ठरलेलं उत्तर होतं. हा सामाजिक न्यायाचा निर्णय म्हणून आपण तो ओळखतो आणि तो तसाच आहे. माणसं नेमणाऱ्याने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. महाराज नुसता आदेश काढून थांबले नाहीत. शिकायला येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहं उभी केली आणि पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. लायक माणूस मिळत नसेल तर तो घडेल अशी जागा आधी तयार करावी लागते. आज आपल्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये वर्षातून एकदाही न डोकावणारा कारखानदार ‘पोरांना काही येत नाही’ म्हणतो, तेव्हा मला ही वसतिगृहं आठवतात.

मग येते मुलाखत. आपल्याकडची नेहमीची मुलाखत म्हणजे गप्पा. गाव कुठलं, वडील काय करतात, आधीची नोकरी का सोडली, पगार किती पाहिजे. दहा मिनिटांत मालक म्हणतात, “माणूस बरा वाटतो.” हा ‘वाटतो’ फार महाग पडतो. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि ठरवून, आखून घेतलेली मुलाखत या पद्धती पुढच्या कामाचा अंदाज चांगला देतात, आणि ‘अनुभव किती वर्षांचा’ हा आपला लाडका प्रश्न फारसं काही सांगत नाही, असं त्यात दिसून आलं. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले. काही पद्धतींचं वजन त्यात बरंच उतरलं; आखीव मुलाखत मात्र सगळ्यांच्या पुढे राहिली.

आखीव मुलाखत म्हणजे काही अवघड गोष्ट नाही. या कामाला नेमकं काय लागतं ते आधी कागदावर लिहायचं. त्यावरून सहा-सात प्रश्न ठरवायचे, ते प्रत्येकाला त्याच क्रमाने विचारायचे आणि उत्तर ऐकल्यावर लगेच गुण मांडायचे. दोघं मुलाखत घेत असतील तर एकमेकांचे गुण पाहण्याआधी मांडायचे. कामाचा नमुना त्याहून सोपा. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट तोंडी विचारण्यापेक्षा मायक्रोमीटर हातात द्या, शेजारी ड्रॉइंग ठेवा आणि पाच नग मोजायला सांगा. हिशेबनिसाला महिन्याभराची बिलं द्या. काउंटरवरच्या मुलीला तासभर काउंटरवर बसू द्या. उमेदवाराचा दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी देऊन टाका. या पैशाइतकं चोख वसूल होणारं दुसरं भांडवल मला माहीत नाही.

त्याच दिवशी आपणही एक परीक्षा द्यायची असते. उमेदवाराला शॉपमध्ये फिरवून आणा. कूलंटचा वास येऊ द्या, संडास बघू द्या, रात्रपाळी खरोखर किती लागते ते सांगा. त्याला आपल्या सुपरवायझरशी आणि तिथल्या एखाद्या जुन्या कामगाराशी एकट्याने बोलू द्या. अनेक मालकांना याची भीती वाटते : खरं सांगितलं तर माणूस येणारच नाही. काही येत नाहीत, हे खरं आहे. न येणारा माणूस आपले काही शे रुपये घेऊन जातो. तिसऱ्या महिन्यात जाणारा पगार, शिकवण्याची मेहनत, त्याच्या हातून बाद झालेले नग आणि शिकवणाऱ्याचा उत्साह एवढं सगळं घेऊन जातो. समजा, पगार १८ हजार आहे आणि नवा माणूस पूर्ण वेगाने काम करू लागायला तीन महिने लागतात. त्या काळात सरासरी अर्धं काम झालं, तर २७ हजार रुपये तिथेच गेले, आणि शिकवणाऱ्याचा वेळ अजून मोजलाच नाही. प्रत्येक वाचकाने आपल्या धंद्याचं हे गणित एकदा स्वतःच्या आकड्यांनी करावं. पुस्तकात त्यासाठी एक तक्ता दिला आहे.

ठरलेल्या गोष्टी कागदावर याव्यात, असा माझा आग्रह पहिल्यापासून होता. आता कायद्यानेही तो धरला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. हे पत्र सल्लागाराकडून आलेल्या इंग्रजी नमुन्यात नाव घालून देऊ नका. घेणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत द्या : काम काय, पाळी कशी बदलेल, पगाराचे भाग कोणते, कापून किती हातात येईल, ओव्हरटाइम कोणत्या तारखेला मिळेल, काय शिकवणार आणि केव्हापर्यंत. शेवटच्या दोन ओळी लिहिताना हात अडखळला, तर तो शब्द तोंडीही देऊ नये.

दुसरा भाग पहिल्या तीन महिन्यांचा आहे आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा. पेरणीनंतरचे पहिले दिवस जसे वर्षाचं पीक ठरवतात, तसंच इथे असतं. पण आपल्याकडे नव्या माणसाचा पहिला दिवस कसा जातो? फाटकावर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. बूट दोन दिवसांनी मिळतील म्हणतात. कुणीतरी मशीनपाशी उभं करतो आणि निघून जातो. साडेबाराला भोंगा होतो, सगळे आपापल्या टोळक्यात डबे उघडतात आणि नवा मुलगा सायकल स्टँडच्या कडेला एकटा बसून पोळी-भाजी खातो. मी कितीतरी जणांना विचारलं, इथं राहायचं नाही असं पहिल्यांदा कधी वाटलं? ‘पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत’ हे उत्तर इतक्यांदा मिळालं, की मी ते एका प्रकरणाचं नाव केलं.

म्हणून या भागात अगदी साध्या गोष्टींची यादी आहे. माणूस येण्याच्या आधी त्याचा गणवेश, बूट, ओळखपत्र तयार ठेवा. त्याच्यासाठी एक जोडीदार नेमा. तो सुपरवायझर नसावा. पहिल्या आठवड्याच्या, पहिल्या महिन्याच्या आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं बसून त्याला विचारा : जे सांगितलं होतं तसंच आहे का? या प्रश्नाचं उत्तर ऐकायला धीर लागतो. पण राजीनाम्याच्या दिवशी जे कळतं, ते दोन महिने आधी कळण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

शिकवण्याबद्दल वेगळं प्रकरण आहे. पुण्यात टेल्कोचा कारखाना आकाराला येत होता, तेव्हा सुमंत मूळगावकरांनी प्रशिक्षण विभागाला जे स्थान दिलं, त्याची फळं टेल्कोइतकीच पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याने खाल्ली. तिथे घडलेल्या शिकाऊ कामगारांच्या हाताला वळण होतं, मोजमापाची शिस्त होती, आणि ती घेऊन ते गावोगावच्या यंत्रशाळांत पसरले. छोटे मालक विचारतात, “आम्ही शिकवायचं आणि मोठ्या कंपनीने उचलायचं?” काळजी रास्त आहे. पण त्या लातूरच्या मुलाकडे पाहा. तो शिकला म्हणून गेला नाही. शिकायला मिळालं नाही म्हणून गेला. ऑपरेटरचा सेटर, सेटरचा प्रोग्रामर ही शिडी दिसत असेल तर मुलगा तिच्या पायरीवर पाय ठेवून थांबतो. शिडीच नसेल, तर शेजारच्या गल्लीतले आठशे रुपये हीच शिडी होते.

तिसरा भाग रोजच्या राहण्याचा. त्यात पगाराचं प्रकरण पहिलं आहे, कारण पगार कमी असताना बाकीच्या गोष्टी बोलणं अप्रामाणिकपणाचं आहे. बाजारभावाइतका पगार आणि तो ठरल्या तारखेला, सात तारीख उलटू न देता, ही जमीन आहे. तिच्यावर बाकीचं घर उभं राहतं. पण या भागातलं मोठं प्रकरण सुपरवायझरचं आहे. मालकाचा शब्द कामगारापर्यंत पोचतो तो त्याच्या तोंडून. आपण उत्तम फिटरला बढती देऊन सुपरवायझर करतो आणि माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणीच शिकवत नाही. त्याला ओरडून शिकवलं गेलेलं असतं, म्हणून तोही ओरडतो. चूक सगळ्यांसमोर काढू नये, कौतुक सगळ्यांसमोर करावं, रजा नाकारायची तर कारण सांगावं, एवढं जरी त्याला शिकवलं तरी शॉपमधली हवा बदलते.

रजेचंही तसंच. आपला कामगार शेतीपासून पुरता तुटलेला नाही. मृगाचा पाऊस पडला की मराठवाड्यातल्या मुलाचं लक्ष पेरणीत असतं, चैत्रात गावची जत्रा असते, आषाढात कुणाच्या घरची वारी असते, बिहारच्या मुलाला छठला घरी जायचं असतं. दरवर्षी त्याच सुमाराला तेच खाडे होतात आणि दरवर्षी मालक तितकेच चिडतात. ज्या तारखा पंचांगात छापलेल्या आहेत, त्यांचा धक्का कशाला बसावा? जानेवारीतच सगळ्यांना बसवून वर्षाच्या रजा आखणाऱ्या एका ओतशाळेचा अनुभव पुस्तकात दिला आहे.

स्त्री कर्मचाऱ्यांबद्दलचं प्रकरण मी मुद्दाम वेगळं ठेवलं. पुण्याच्या परिसरात वायर हार्नेससारख्या जुळणीच्या कामांत कितीतरी बायका-मुली आहेत, आणि त्यांच्या जाण्याची कारणं अनेकदा मशीनपासून फार लांब असतात : रात्री सुटल्यावर बस नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, बाळ कुणाकडे ठेवायचं हे कळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आवश्यक झालं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ पासून कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याची ही पायरी किमान आहे. ज्या बाईला परत येताना आपली जागा आपलीच आहे याची खात्री असते, ती परत येते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. टिकवणं आणि अडकवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. हा हंगाम फिटला नाही तर पुढचाही त्याच मुकादमाचा. याला कुणी निष्ठा म्हणणार नाही. मग मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेणं, दोन वर्षांचा बाँड लिहून घेणं, शेवटचा पगार अडवून ठेवणं याला आपण काय म्हणणार? असा माणूस हजेरीपत्रकावर असतो, कामात नसतो. या पुस्तकात अडकवण्याची एकही युक्ती नाही, आणि ती शोधणाऱ्याने पुस्तक विकत घेऊ नये, ही विनंती.

याच्या उलट वाट नागपुरात दिसते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहतांना आणलं. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाच्या धंद्याचा अनुभव त्यांना नव्हता. जमशेदजींनी माणूस पाहिला, धंदा तो शिकेल याची खात्री धरली, आणि बेझनजींनी ती सार्थ केली. मिलमध्ये कामगारांची गैरहजेरी मोठी होती. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी जमशेदजींनी कामगारांच्या मनातली धास्ती शोधली. म्हातारपणी काय, हात कापला गेला तर काय? १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई. कामगाराला अपघाताची भरपाई देणारा कायदा या देशात १९२३ साली आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. ज्याला उद्याची हमी आहे, तो आज कामावर येतो, हे त्या मिलने कायद्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

शेवटचा भाग जाणाऱ्या माणसांबद्दल आहे. सगळं नीट केलं तरी काही जण जाणार. लग्न होतं, आई-वडील थकतात, गावाकडे स्वतःचं काम सुरू होतं. त्यांना आपण कसा निरोप देतो, हे राहिलेले सगळे पाहत असतात. नव्या वेतनसंहितेनुसार जाणाऱ्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. तो करावा, अनुभवाचं पत्र हातात द्यावं आणि चहा पाजून पाठवावं. मानाने गेलेला माणूस पुढे एखादा चांगला उमेदवार पाठवतो, आणि कधीकधी स्वतःच परत येतो. परत आलेल्या माणसाइतकी कारखान्याची मोठी जाहिरात नाही.

हे पुस्तक पाच ते दोनशे माणसांच्या उद्योगासाठी लिहिलं आहे. तिथे कर्मचारी विभाग नसतो. मालक, त्यांच्या घरचं एखादं माणूस किंवा हिशेबनीसच हे सगळं पाहतो. सलग वाचायची गरज नाही. ज्यांची जागा आज रिकामी आहे त्यांनी पहिल्या भागापासून सुरू करावं. ज्यांच्याकडे काल कुणी रुजू झालं, त्यांनी थेट दुसरा भाग उघडावा. ज्यांच्या टेबलावर राजीनामा पडला आहे, त्यांनी आधी त्या माणसाबरोबर चहा घ्यावा आणि मग शेवटचा भाग वाचावा.

ज्या मालकांच्या पाटीपासून मी सुरुवात केली, त्यांनी या पुस्तकाचा पहिला खर्डा वाचला. ते लगेच पटणाऱ्यांपैकी नाहीत. आमचे पुष्कळ वाद झाले. पत्र्याची पाटी त्यांनी काढली आहे. जागा रिकामी झाली तर कागद लावतात, आणि त्यावर पाळी, हातात येणारा पगार आणि काय शिकवलं जाईल हे लिहिलेलं असतं. जागा भरली की कागद काढतात. त्यांच्याकडची माणसं जायची थांबलेली नाहीत, पण आता एखादा जातो तेव्हा का गेला हे त्यांना माहीत असतं.

आभार मानायचे ते नोकरी सोडलेल्या त्या साऱ्या माणसांचे. ज्यांना माझ्याशी बोलून काहीच मिळणार नव्हतं, त्यांनी पाळी सुटल्यावर, झोप मोडून, मनातलं सांगितलं. त्यांची नावं इथे नाहीत, पण पुस्तक त्यांचं आहे. लातूरचा तो मुलगा आता सेटर आहे. त्याच्या हाताखाली दोन नवी मुलं शिकतात. मध्यंतरी त्याला भेटायला गेलो होतो. त्या दिवशी एक नवा मुलगा रुजू झाला होता, हातात डबा घेऊन दारातच घुटमळत होता. मशीन दाखवण्याआधी त्याने त्याला जेवायची जागा दाखवली आणि म्हणाला, “साडेबाराला इथं ये. आपण बरोबर बसू.”